८.६ ला काही झालं नाही आणि ७.८ ला गावं वाहून गेली, असं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: समुद्रात मोठा भूकंप झाला की कधी त्सुनामी येते आणि कधी इशारा देऊन दोन तासांत मागे घेतात, मग रिश्टरचा आकडा मोठा म्हणजे त्सुनामी मोठी असं नसतं का? आणि या पी लाटा, एस लाटा म्हणजे नक्की काय, त्या एवढ्या बारीक मोजता येतात तर भूकंप आधी का सांगता येत नाही?

भूकंपाच्या नोंदी वाचणं हे माझं रोजचं काम आहे, बरीच वर्षं करतोय, आणि हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो कारण "आकडा मोठा तर धोका मोठा" या समजुतीपायी माणसं गेलेली आहेत. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सुरुवात दोन खऱ्या भूकंपांपासून करू. दोन्ही सुमात्राच्या पश्चिमेला समुद्राखाली झालेले. २५ ऑक्टोबर २०१० ला मेंतावाई बेटांजवळ ७.८ चा भूकंप झाला. बेटांवरच्या लोकांना हादरा तसा सौम्यच जाणवला, बरेच जण घरातच थांबले, आणि थोड्याच वेळात समुद्र आत आला, काही ठिकाणी पाणी १० मीटरच्या वर चढलं. ४०० हून जास्त माणसं गेली. नंतर ११ एप्रिल २०१२ ला त्याच बाजूच्या समुद्रात ८.६ चा भूकंप झाला. ७.८ आणि ८.६ मधे ऊर्जेचा फरक साधारण सोळा पटीचा आहे. अख्ख्या हिंदी महासागरासाठी इशारे गेले, किनारे रिकामे केले, लोक टेकड्यांवर जाऊन बसले, आणि लाट आली ती इतकी लहान की बऱ्याच ठिकाणी भरती-ओहोटीच्या यंत्राच्या नोंदीत शोधूनच काढावी लागली.

हे कसं झालं ते कळायला आधी भूकंप म्हणजे काय ते नीट बघू.

बातमीत नकाशावर एक ठिपका दाखवतात आणि त्याभोवती गोल काढतात, त्यामुळे आपल्याला वाटतं की जमिनीखाली एका जागी काहीतरी स्फोटासारखं झालं. तो ठिपका म्हणजे खडक सरकायला सुरुवात जिथे झाली त्याच्या बरोबर वरची जागा, बास. प्रत्यक्षात भूकंप होतो तो एका पृष्ठभागावर. पृथ्वीचं वरचं कवच मोठमोठ्या प्लेटांमधे विभागलेलं आहे, या प्लेटा वर्षाला काही सेंटिमीटर या वेगाने सरकतात, आणि दोन प्लेटा जिथे एकमेकींना घासतात तिथला फॉल्ट म्हणजे भेग बहुतेक वेळ अडकलेला असतो. प्लेट मागून सरकतेच आहे, भेग मात्र हलत नाही, मग मधला खडक वाकतो, ताणला जातो. शंभर वर्षं, दोनशे वर्षं, कधी पाचशे वर्षं असा ताण साठत राहतो आणि एक दिवस घर्षणाला तो झेपत नाही. मग भेगेच्या दोन्ही बाजू एकदम सरकतात आणि वाकलेला खडक झटक्यात मूळ आकारात येतो.

ही कल्पना १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्को भूकंपानंतर हॅरी रीड यांनी मांडली. त्यांच्याकडे भूकंपाच्या आधीची आणि नंतरची जमीन-मोजणी होती. भेगेवरून सरळ गेलेली कुंपणं आणि रस्ते भेगेपाशी तुटून काही मीटर बाजूला सरकलेले होते, पण भेगेपासून लांबच्या खुणा तपासल्या तर त्या भूकंपाच्या कितीतरी आधीपासून हळूहळू सरकत आलेल्या दिसल्या. म्हणजे लांबची जमीन वर्षानुवर्षं सरकत होती, भेगेजवळची अडकून बसली होती, आणि त्या दिवशी जवळच्या जमिनीने एका मिनिटात सगळा हिशोब चुकता केला.

आता हे सरकणं सगळीकडे एकाच क्षणी होत नाही. एका जागी सुरू होतं आणि कापड फाटत जावं तसं भेगेवर पुढे पुढे जातं, वेग साधारण सेकंदाला अडीच ते तीन किलोमीटर. लहान भूकंपात हे फाटणं एक-दोन किमीवर थांबतं, एखाद सेकंदाचा खेळ. २६ डिसेंबर २००४ च्या सुमात्रा-अंदमान भूकंपात ते सुमारे १२०० ते १३०० किमी उत्तरेकडे गेलं आणि त्याला आठ-दहा मिनिटं लागली. हे डोळ्यासमोर आणा, दहा मिनिटं सलग समुद्राखालची भेग उलगडत चालली आहे, आणि बातमीतल्या नकाशावर मात्र सुमात्राच्या टोकाजवळ एकच ठिपका. निकोबार आणि अंदमान त्या ठिपक्यापासून शेकडो किमी लांब होते, पण भेगेपासून लांब नव्हतेच, ते थेट तिच्या वरच होते.

खडक सरकला की त्यातून लाटा निघतात. पहिली पी लाट. ती आवाजासारखी असते, म्हणजे ज्या दिशेने जाते त्याच दिशेने खडक दाबत आणि ताणत जाते, घन खडकातून जाते, द्रवातूनही जाते, आणि वरच्या कवचात सेकंदाला साधारण ६ किमी वेगाने पळते. दुसरी एस लाट, ती खडकाला आडवं हलवते, वेग साधारण साडेतीन किमी. द्रवाला आडवा पीळ धरून ठेवता येत नाही म्हणून एस लाट द्रवातून जातच नाही. इमारतींचं नुकसान मुख्यतः एस आणि तिच्या मागून येणाऱ्या लाटा करतात, कारण कुठलीही इमारत स्वतःचं वजन खाली पेलायला बांधलेलीच असते, पण आडवं ढकललं की तिचा खरा कस लागतो.

सिस्मोग्राम, म्हणजे यंत्राने काढलेला हादऱ्यांचा आलेख, कसा वाचतात ते एकदा सांगतो म्हणजे हे सगळं पुस्तकी वाटणार नाही. स्क्रीनवर एक जवळपास सपाट रेष चाललेली असते, अगदीच सपाट नाही, समुद्राच्या लाटा किनाऱ्यावर आपटतात त्याची बारीक थरथर त्यात कायम असते. मग अचानक एक टोकदार बारीक झटका दिसतो, ती पी. त्या जागी खूण करायची. त्यानंतर रेष खाली-वर होत राहते पण फार मोठी नाही, आणि मग एकदम उंची वाढते, लाट रुंद होते, ती एस. दोन्हींमधलं अंतर सेकंदात मोजायचं आणि ढोबळमानाने ८ ने गुणायचं. समजा ४० सेकंद आले तर भूकंप साधारण ३२० किमी लांब झाला. कुठल्या दिशेला ते एका आलेखावरून लगेच नीट कळत नाही, म्हणून दुसऱ्या आणि तिसऱ्या केंद्रावरचं अंतर काढायचं, तीन वर्तुळं काढायची, जिथे छेदतात तिथे भूकंप. आता हे सगळं कॉम्प्युटर काही सेकंदांत करतो आणि शेकडो केंद्रं वापरतो, खोलीसुद्धा काढतो, पण मूळ तत्त्व हेच. अजूनही अवघड नोंद असेल, दोन भूकंप एकमेकांवर चढलेले असतील तर माणसाने डोळ्यांनी खुणा तपासाव्या लागतात आणि मला वाटतं ते तसंच असावं.

पी आणि एस च्या मागून येतात त्या पृष्ठलाटा, रॅले आणि लव्ह ही त्यांची नावं ज्यांनी गणिताने त्या मांडल्या त्यांच्यावरून. या खोलवर जात नाहीत, जमिनीच्या वरच्या थरांतून पसरतात, म्हणून लांबपर्यंत त्यांची ताकद टिकते. यांच्याबाबतीत १९ सप्टेंबर १९८५ चा मेक्सिको सिटीचा भूकंप विसरता येत नाही. भेग शहरापासून साडेतीनशे किमीहून लांब, पॅसिफिक किनाऱ्यावर. मधल्या गावांत तुलनेने कमी नुकसान आणि लांबच्या राजधानीत हजारो मृत्यू. कारण शहराचा मोठा भाग जुन्या तलावाच्या मऊ चिकणमातीवर वसलेला आहे, आणि त्या मातीच्या थराचा स्वतःचा डोलण्याचा काळ, म्हणजे एकदा डोलून परत यायला लागणारा वेळ, साधारण दोन सेकंद. येणाऱ्या लाटांत त्याच काळाची कंपनं होती, ती मातीत अडकून कितीतरी पट वाढली आणि बराच वेळ चालू राहिली, आणि साधारण सहा ते पंधरा मजली इमारतींचा डोलण्याचा काळही त्याच्याच आसपास येत होता, म्हणून नेमक्या त्याच जास्त पडल्या. त्याहून बुटक्या आणि त्याहून उंच बऱ्याचशा उभ्या राहिल्या. "भूकंपापासून किती लांब" याच्याइतकाच "पायाखाली काय आहे" हा प्रश्न महत्त्वाचा आहे, आणि घर घेताना तो फार कमी लोक विचारतात याचं मला वाईट वाटतं.

जाता जाता एक गोष्ट, कारण ती मला अजूनही थक्क करते. पी, एस आणि पृष्ठलाटा वेगवेगळ्या येतात हे नोंदींवरून ओळखलं ते रिचर्ड ओल्डहॅम यांनी, १२ जून १८९७ च्या आसामच्या मोठ्या भूकंपाचा अभ्यास करताना. त्यांनीच १९०६ मधे लाटांच्या उशिरावरून पृथ्वीच्या पोटात एक वेगळा गाभा आहे हे दाखवलं. नंतर एस लाटा त्या गाभ्यातून पलीकडे जातच नाहीत यावरून बाहेरचा गाभा द्रव असल्याचं पक्कं झालं, आणि १९३६ मधे इंगे लेहमान यांनी, जिथे पी लाटा यायलाच नकोत अशा पट्ट्यात आलेल्या अगदी क्षीण लाटा बघून सांगितलं की आत अजून एक गाभा आहे. पृथ्वीच्या आत कोणीही गेलेलं नाही, हे सगळं ज्ञान या लाटांचं.

आता आकड्याकडे येऊ. चार्ल्स रिश्टर यांनी १९३५ मधे दक्षिण कॅलिफोर्नियासाठी, एका ठराविक प्रकारच्या यंत्रासाठी आकडेमोड बसवली, आलेखाची उंची दहापट वाढली की आकडा एकाने वाढतो. ऊर्जा मात्र एका आकड्याला सुमारे ३२ पट आणि दोन आकड्यांना १००० पट वाढते. ही पद्धत मोठ्या भूकंपांना तोकडी पडते. भेग जितकी मोठी तितक्या जास्त संथ, लांब लाटा निघतात आणि जुनी यंत्रं नेमक्या त्याच पकडत नाहीत, त्यामुळे एका मर्यादेच्या पुढे आकडा वाढायचाच थांबतो. म्हणून १९७० च्या दशकात कानामोरी आणि हँक्स यांनी मोमेंट मॅग्निट्यूड आणलं. त्याचा पाया अगदी सरळ आहे, भेगेचं किती क्षेत्रफळ सरकलं, सरासरी किती मीटर सरकलं आणि खडक किती ताठ, या तिघांचा गुणाकार. आज बातमीत "रिश्टर" म्हणतात ते मोठ्या भूकंपांसाठी बहुतेक वेळा हेच असतं.

या गुणाकारात एक गोष्ट नाही, आणि इथेच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. भेग किती सरकली ते त्यात आहे, पण कुठल्या दिशेने सरकली ते नाही. किती झपाट्याने सरकली तेही नाही. आणि समुद्राला फरक पडतो तो त्याचा तळ वर-खाली झाला का आणि किती मोठ्या क्षेत्रावर झाला याने. हादरा किती जोरात बसला ते त्याच्या लेखी जवळपास गैरलागू आहे.

सबडक्शन झोनमधे, म्हणजे जिथे एक प्लेट दुसऱ्या प्लेटीखाली तिरकी घुसते तिथे, वरच्या प्लेटीची कडा खालच्या प्लेटीला अडकून हळूहळू खाली ओढली जात असते. भेग सुटली की ती कडा उसळी मारते, समुद्राचा तळ काही मीटर वर येतो, आणि तेही शेकडो किमी लांब आणि शंभर-दीडशे किमी रुंद पट्ट्यात. त्यावरचं सगळं पाणी, तळापासून पृष्ठभागापर्यंत, एकगठ्ठा वर उचललं जातं. एवढ्या पसरट पाण्याला बाजूला वाहून जायला वेळच मिळत नाही, त्यामुळे तळाचा जो आकार बदलला जवळजवळ तोच आकार वर पाण्यावर उमटतो, आणि मग गुरुत्वाकर्षण त्याला खाली ओढतं आणि तो दोन्ही बाजूंना पसरायला लागतो. हीच त्सुनामी.

२०१२ चा ८.६ हा मुळात सबडक्शनचा भूकंपच नव्हता. खंदकाच्या, म्हणजे एक प्लेट जिथून दुसरीखाली घुसते तिथल्या समुद्रतळातल्या खोल खाचेच्या, पश्चिमेला, समुद्री प्लेटीच्या आत, उभ्या भेगांवर दोन्ही बाजू आडव्या एकमेकींना घासून गेल्या. खडक कितीतरी मीटर सरकला, पण आडवा. तळ वर उचललाच गेला नाही तर पाणी कशाला हलेल. अगदी खोल भूकंपांचंही असंच, २४ मे २०१३ ला ओखोत्स्क समुद्राखाली सुमारे ६०० किमी खोलवर ८.३ चा झाला, हजारो किमी लांब मॉस्कोपर्यंत जाणवला, त्सुनामी नाही. आणि २८ मार्च २००५ चा नियास बेटाचा ८.६ हा तर खराखुरा सबडक्शनचा होता, तरी २००४ सारखी महासागरभर पसरलेली लाट आली नाही, कारण तळ वर आला तो बराचसा बेटांखाली आणि उथळ पाण्यात, म्हणजे उचलायला वर पाणीच कमी होतं.

मेंतावाईचा ७.८ याच्या बरोबर उलट. तिथे भेगेचा अगदी वरचा, खंदकालगतचा भाग सरकला, जिथे मऊ गाळ असतो आणि फाटणं नेहमीच्या निम्म्या वेगाने किंवा त्याहून हळू जातं. हळू सरकलं म्हणून जलद कंपनं कमी निघाली, म्हणून माणसांना हादरा सौम्य लागला. पण तळ मात्र भरपूर उचलला गेला, आणि तोही जिथे पाणी खोल आहे तिथे. अशा भूकंपांना त्सुनामी-भूकंप असंच नाव आहे, ते कानामोरींनी १९७२ मधे दिलं. सगळ्यात भयंकर उदाहरण जपानचं, १५ जून १८९६, सानरिकु किनारा. हादरा हलका आणि लांबलेला, बहुतेकांनी दुर्लक्ष केलं, साधारण अर्ध्या तासाने पाणी आलं, काही ठिकाणी ३८ मीटरपर्यंत चढलं, सुमारे २२,००० माणसं गेली.

मी लोकांना परत परत सांगतो की किनाऱ्यावर असाल तर हादरा किती जोरात होता हे बघू नका, किती वेळ चालला ते बघा. वेळ म्हणजे भेगेची लांबी. सेकंदाला दोन-तीन किमी फाटत असेल आणि तुम्हाला एक मिनिटभर हलतंय तर शंभर-दीडशे किमीची भेग उलगडली असण्याची शक्यता आहे. वीस-तीस सेकंदांहून जास्त हललं तर इशाऱ्याची, सायरनची, मेसेजची वाट न बघता चालत उंचावर निघायचं. हलकं हललं असलं तरी.

पुढचा प्रवास. वारा जी लाट उठवतो ती फक्त वरच्या थरातली असते, थोडं खाली गेलं की पाणी शांत. त्सुनामीत तळापर्यंतचं सगळं पाणी सामील असतं, आणि तिची लांबी शंभर-दोनशे किमी असते, म्हणून चार किमी खोल समुद्रसुद्धा तिच्या दृष्टीने उथळच. अशा लाटेचा वेग फक्त खोलीवर ठरतो, खोलीला ९.८ ने गुणून वर्गमूळ काढायचं. ४००० मीटर खोलीला सेकंदाला १९८ मीटर येतात, म्हणजे तासाला ७०० किमीच्या वर. ५० मीटर खोलीला ८० किमी. १० मीटरला ३५ किमी. किनाऱ्याजवळ लाटेचा पुढचा भाग मंदावतो, मागचा अजून वेगात येतोय, सगळी लाट आखडते आणि ती ऊर्जा उंचीत जाते. २००४ च्या लाटेवरून, भूकंपानंतर साधारण दोन तासांनी, जेसन-१ हा उपग्रह योगायोगाने गेला आणि त्याने बंगालच्या उपसागरात मोजलेली उंची होती सुमारे ६० सेंटिमीटर. शेकडो किमीवर पसरलेले ६० सेंटिमीटर, त्या लाटेवरच्या जहाजाला काही कळणारसुद्धा नाही. तीच लाट किनाऱ्यांवर जाऊन चौदा देशांत सव्वादोन लाखांहून जास्त माणसं घेऊन गेली.

किनाऱ्यावर ती चित्रात दाखवतात तशी वरून कोसळणारी भिंत क्वचितच असते. बहुतेक वेळा समुद्राची पातळीच वर येत जाते, पाणी आत येत राहतं, दहा मिनिटं, पंधरा मिनिटं थांबतच नाही. गुडघाभर वाहतं पाणीसुद्धा माणसाला पाडतं आणि त्यात गाड्या, लाकडं, पत्रे सगळं वाहत असतं. एक मीटरची त्सुनामी आणि एक मीटरची नेहमीची लाट यांची तुलना कधीच करू नका. नेहमीची लाट काही सेकंदांत परत जाते, हिच्या मागे किलोमीटरच्या किलोमीटर पाणी रेटा देत असतं.

"आधी समुद्र मागे जातो" हे पण अर्धंच खरं आहे. तळाचा एक भाग वर येतो तेव्हा त्याच्या शेजारचा खाली बसतो. २००४ मधे पूर्वेकडचा भाग खाली बसला होता म्हणून थायलंडच्या बाजूला आधी पाणी ओसरलं, आणि पश्चिमेचा भाग वर आला होता म्हणून भारत-श्रीलंकेकडे आधी पाणी चढलंच. समुद्र मागे गेला तर क्षणाचाही विचार न करता पळा. नाही गेला म्हणून थांबू मात्र नका.

आता मोठ्या आकड्याचा दुसरा धोका, तो घाईत काढलेल्या आकड्याचा. ११ मार्च २०११, जपान, दुपारी २ वाजून ४६ मिनिटं. तीन मिनिटांत तिथल्या हवामान संस्थेने त्सुनामीचा इशारा दिला, इतकं झटपट काम जगात फार थोडे करू शकतात. पण पहिल्या तीन मिनिटांत आकडा निघाला ७.९, कारण वर सांगितलं तसं घाईच्या पद्धतीत मोठे भूकंप आखडून दिसतात, आणि भेगही तेव्हा नुकतीच उलगडून संपत होती. खरा आकडा होता ९.०, म्हणजे ४० पटींहून जास्त ऊर्जा, आणि खंदकाजवळ खडक सुमारे ५० मीटर सरकलेला. पहिल्या इशाऱ्यात इवाते आणि फुकुशिमाला ३ मीटर, मियागीला ६ मीटर असं सांगितलं गेलं. तिथे काही गावांना दहा मीटरची भिंत होती. ३ मीटर ऐकल्यावर भिंतीमागे असलेल्या माणसाला काय वाटलं असेल याचा विचार करा. समुद्रात तरंगत ठेवलेल्या, पाण्याची पातळी मोजणाऱ्या जीपीएस बोयांवर लाट दिसल्यावर इशारा वाढवला, पण तोवर अनेक ठिकाणी वीज गेलेली. भर म्हणून किनाऱ्याची जमीनच खाली बसली होती, ओशिका द्वीपकल्पावर एक मीटरच्या वर, म्हणजे भिंतीसुद्धा तेवढ्या बुटक्या झालेल्या. यानंतर त्यांनी पद्धत बदलली, २०१३ पासून फार मोठा भूकंप वाटला तर पहिल्या इशाऱ्यात मीटर सांगतच नाहीत, "प्रचंड" एवढाच शब्द देतात. मला हा बदल फार शहाणपणाचा वाटतो.

भूकंप आधी का सांगता येत नाही? याच भूकंपाच्या दोन दिवस आधी, ९ मार्चला, त्याच भागात ७.३ चा झाला होता. तो मोठ्याची नांदी होता हे कळलं ११ तारखेनंतर. ७.३ च्या नोंदीत असं काहीही नव्हतं जे जगात इतर ठिकाणी होणाऱ्या आणि पुढे काहीच न घडणाऱ्या ७.३ च्या नोंदींत नसतं. फाटणं सुरू झालं की ते दहा किमीवर थांबेल की पाचशे किमी जाईल हे वाटेतल्या खडकावर, तिथे किती ताण साठलाय यावर ठरतं, आणि ते दहा-वीस किमी खोल असतं जिथे आपल्याला थेट मोजता येत नाही. १९७५ मधे चीनमधल्या हायचेंगला आधी लहान भूकंपांची रांग लागली म्हणून लोकांना बाहेर काढलं आणि खूप जीव वाचले. पुढच्याच वर्षी तांगशानला अशी स्पष्ट रांग लागलीच नाही, आणि अधिकृत आकडा दोन लाख चाळीस हजारांच्या वर गेला. कॅलिफोर्नियात पार्कफिल्डला साधारण बावीस वर्षांनी एक भूकंप यायचा, म्हणून पुढचा १९९३ पर्यंत येणार असं गृहीत धरून तिथे यंत्रं लावून ठेवली. तो आला २००४ मधे, आणि एवढ्या यंत्रांनासुद्धा आधी काही खूण दिसली नाही. कुठल्या पट्ट्यात पुढच्या तीस-पन्नास वर्षांत किती शक्यता हे सांगता येतं आणि बांधकामाचे नियम त्यावरच करायचे असतात. कोणी तारीख सांगत असेल तर त्याच्याकडे लक्ष देऊ नका.

भूकंप सुरू झाल्यावर मात्र काही सेकंद मिळू शकतात. भेगेजवळच्या सेन्सरला पी लाट लागली की तार किंवा रेडिओने संदेश जवळजवळ तात्काळ पोचतो, आणि एस लाट अजून वाटेत असते. १०० किमीवर एस पोचायला २८ सेकंद लागतात, त्यातले पाच-दहा यंत्रणेत गेले तरी पंधरा-वीस हातात राहतात. रेल्वे थांबवायला, लिफ्ट जवळच्या मजल्यावर उघडायला, टेबलाखाली जायला एवढे पुरतात. भेगेच्या अगदी वर असाल तर हे सेकंद मिळत नाहीत, तिथे फक्त नीट बांधलेलं घर कामाला येतं.

त्सुनामीचं जवळच्या आणि लांबच्या किनाऱ्यांसाठी वेगवेगळं असतं. लांबच्यांना तास मिळतात. २२ मे १९६० च्या चिलीच्या ९.५ ची लाट हवाईला पोचायला सुमारे १५ तास लागले आणि जपानला सुमारे २२, आणि एवढा वेळ असून दोन्हीकडे माणसं गेली. आज समुद्राच्या तळावर दाब मोजणारे सेन्सर बसवलेले आहेत, काही किमी खोल पाण्याखाली बसून ते वर गेलेली एखाद-दोन सेंटिमीटरची लाटसुद्धा ओळखतात. इशारा देऊन मागे घेतात तो यांच्यामुळेच. आकड्यावरून आधी सावधगिरीचा इशारा देतात, मग सेन्सर सांगतो की लाट नाहीच, मग मागे घेतात. २०१२ ला हेच झालं. याला "खोटा इशारा" म्हणून चिडू नका, यंत्रणा चालतेय त्याचंच ते लक्षण आहे.

जवळच्या किनाऱ्याला मिळतात दहा ते तीस मिनिटं, कधी त्याहून कमी. २८ सप्टेंबर २०१८ ला इंडोनेशियातल्या पालूच्या खाडीत काही मिनिटांतच पाणी आलं, आणि तो भूकंप आडव्या सरकण्याचा होता, म्हणजे माझ्या वरच्या नियमाप्रमाणे तिथे मोठी लाट अपेक्षितच नव्हती. खाडीत काठाच्या दरडी पाण्यात घसरल्या, त्यांनी लाटा उठवल्या. अलास्कात लिटुया खाडीत १९५८ ला भूकंपाने कडा कोसळला आणि समोरच्या डोंगरावर पाणी ५२४ मीटर चढलं होतं. म्हणून अरुंद खाडीत, उंच कड्यांच्या जवळ असाल तर भूकंपाचा प्रकार काय ते कळायची वाट बघण्यात अर्थच नाही. २००४ ला सुमात्राजवळच्या सिमेउलुए बेटावर लाट अर्ध्या तासाच्या आत पोचली होती, तिथे कसलीही यंत्रणा नव्हती. पण १९०७ च्या लाटेची गोष्ट आजी-आजोबांनी पोरांना सांगत ठेवली होती, जोरात आणि बराच वेळ हललं की डोंगरावर पळायचं. लोक पळाले. सुमारे ७८,००० वस्तीत सात माणसं गेली.

शेवटचं, वर गेल्यावर किती वेळ थांबायचं, कारण हे कोणी सांगत नाही. पहिली लाट बहुधा सगळ्यात मोठी नसते. दोन लाटांमधे दहा मिनिटं ते एक तास जाऊ शकतो, लाटा किनाऱ्यांवरून परत फिरतात, उथळ पट्ट्यात अडकून किनाऱ्याला समांतर धावत राहतात. १९६४ च्या अलास्का भूकंपात कॅलिफोर्नियातल्या क्रेसेंट सिटीत पहिल्या लाटा ओसरल्यावर काही लोक खाली आवराआवर करायला परतले, आणि सगळ्यात मोठी होती ती चौथी. त्यामुळे अधिकृतपणे "संपलं" असं सांगेपर्यंत वरच थांबायचं, सहा तास असो की बारा. बंदरात पाणी फार चढलं नाही तरी प्रवाह कितीतरी वेळ जोराचे राहतात, नांगर तुटतात, होड्या एकमेकींवर आदळतात, म्हणून होडी वाचवायला धक्क्यावर जायचं नाही. आणि इशारा आला तेव्हा तुम्ही आधीच खोल समुद्रात असाल तर किनाऱ्याकडे वळू नका, तिथेच खोल पाण्यात राहा, लाट खालून निघून जाईल आणि तुम्हाला ती कळणारही नाही.